लेकीच्या माहेरासाठी: बहिणाबाईंच्या चार कडव्यांचं रसग्रहण कसं करावं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून वाचता येईल. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेस, बहिणाबाई चौधरींच्या योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादावर पेपर लिहायचाय, विषय मिळालाय "मातृत्व, आठवण आणि बदलत्या कौटुंबिक रीती". सर म्हणतात आईची थोरवी लिही. तुला वाटतंय की ही कविता बाईच्या सोसण्याला गोड नाव देते. आणि मधेच तू ती आईला वाचून दाखवलीस तर ती काही न बोलता उठून गॅसवरचं दूध बघायला गेली. आता लिहायचं काय, कुणाचं धरायचं, असं विचारलंयस.

मी जळगाव जिल्ह्यातली, पंचवीसेक वर्षं कॉलेजात मराठी शिकवतेय, आणि ही कडवी किती वेळा फळ्यावर लिहिली असतील ह्याचा हिशोब नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. आईचं धर. ती उठून गेली म्हणजे तिच्यापर्यंत कविता पोचली, आणि कुठल्या शब्दाला पोचली ते शोधलंस की तुझा अर्धा पेपर तिथेच झाला. थोरवी आणि सोसणं हे दोन्ही आपण कवितेवर बाहेरून चिकटवलेले शब्द आहेत, कवितेत त्यातला एकही नाही.

कडवी समोर ठेवू. पुस्तकागणिक एखादं अक्षर इकडेतिकडे दिसेल, त्याने अर्थ बदलत नाही.

माझं माहेर माहेर
सदा गानं तुझ्या ओठी
मंग माहेरून आली
सासराले कशासाठी?

आरे लागले डोहाये
सांगे शेतातली माटी
गाते माहेराचं गानं
लेक येईल रे पोटी

दे रे दे रे योग्या ध्यान
ऐक काय मी सांगते
लेकीच्या माहेरासाठी
माय सासरी नांदते

देव कुठे देव कुठे
भरीसन जो उरला
अरे उरीसन माझ्या
माहेरात सामावला

आता लगेच अलंकार शोधायला बसू नकोस, ती सवय दहावीच्या चार मार्कांच्या रसग्रहणाने लावलीय, आशयसौंदर्य काव्यसौंदर्य भाषिक वैशिष्ट्य असे तीन डबे भरायचे. मी स्वतः मुलांना ते डबे भरायला शिकवलंय, परीक्षेपुरते ते ठीक आहेत, पण एम.ए.ला त्यातून बाहेर ये. आधी मोठ्याने वाच. बोटावर अक्षरं मोज. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे, सोळाच्या सोळा ओळी, एकही चुकत नाही, आणि हे एका अशा बाईने केलंय जिला लिहिता वाचता येत नव्हतं. घरोट्यावर बसून दळताना हाताच्या फेऱ्याबरोबर जी ओवी येते तिची ही चाल. घरोटा म्हणजे जातं, आमच्याकडे तोच शब्द.

मोजलंस की पुढचं दिसायला लागतं. योगी विचारतो "कशासाठी?" आणि बाई उत्तर देते "माहेरासाठी". बघ, प्रश्नाची "साठी" उचलून तिने तशीच्या तशी उत्तरात बसवलीय. मधे जे डोहाळ्याचं कडवं आहे तेही टी-ठीच्याच यमकावर चालतं, ओठी, कशासाठी, माटी, पोटी, म्हणजे प्रश्नाचा आवाज दुसऱ्या कडव्यातही घुमत राहतो आणि तिसऱ्यात तो "साठी" पुन्हा आला की गाठ बसते. ही कविता प्रश्नोत्तराची आहे हे सगळेच लिहितात, पण उत्तर प्रश्नाच्याच शब्दाने बांधलंय हे दाखवलंस तर वाचणाऱ्याला कळेल की तू कविता वाचलीयस.

आता त्याहून बारीक गोष्ट. योगी विचारतो ते भूतकाळात, "आली कशासाठी". सासरी का आलीस. त्याचं खरं उत्तर काय होतं? लग्न लावून दिलं म्हणून आले. बहिणाबाईंचा जन्म 1880 चा, आसोदे गावचा, लग्न तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे. तेरा वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं? त्या काळात कुठल्याच पोरीला विचारत नव्हते. म्हणून "आली कशासाठी" ह्या प्रश्नाला ती उत्तरच देत नाही, ती सरळ वर्तमानात येते आणि म्हणते "नांदते". यायचं कारण तिच्या हातात नव्हतं, राहायचं कारण मात्र ती स्वतः ठरवते आणि योग्याला ऐकवते. तुला जी सोसण्याची शंका येते ना, तिचं उत्तर ह्या काळबदलात आहे. सोसणं नाकारलेलं नाही, पण त्याला अर्थ कोण देणार हे तिने दुसऱ्या कुणावर सोडलेलं नाही.

आणि अजून एक. "ऐक काय मी सांगते" इथे "मी" आहे. पुढच्याच ओळीत मी गायब. "मी सासरी नांदते" असं ती म्हणत नाही, "माय सासरी नांदते" म्हणते. एका ओळीच्या अंतरात ती "मी"वरून "माय"वर गेली. ही माय कोण? ती स्वतः, लेकीची होणारी आई. पण जिच्या माहेराचं गाणं ती गातेय ते माहेर तरी कुणी उभं केलं, तिच्या आईनेच ना, आणि ते घर म्हणजे तिच्या आईचं सासर! आईचं सासर ते लेकीचं माहेर, एवढी साधी गोष्ट आपल्या रोजच्या डोळ्यासमोर असते आणि आपल्याला दिसत नाही, ही कविता ती आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळीत दाखवते. म्हणजे "माय" ह्या एका शब्दात दोन बाया बोलतायत आणि जी अजून जन्मलीच नाही ती तिसरीही तिथे आहे. तुझ्या विषयात मातृत्व आणि आठवण असे दोन शब्द वेगळे दिलेत, इथे ते वेगळे काढता येत नाहीत, कारण आठवण मागे आईकडे जाते आणि मातृत्व पुढे लेकीकडे, आणि दोन्हींचा रस्ता एकाच घरातून जातो.

"लेक" शब्दाकडेही थांब. मराठीत लेक तो पण असतो आणि ती पण. "लेक येईल रे पोटी" इथे कळत नाही मुलगा की मुलगी, क्रियापदावरूनही कळत नाही. पुढच्या कडव्यात "लेकीच्या" आलं की कळतं. लेकाच्या असतं तर लेकाला कसलं माहेर. त्या काळात डोहाळे लागलेल्या बाईला सगळं गाव पुत्राचाच आशीर्वाद देणार, आणि ही बाई माहेराचं गाणं गात लेक मागतेय, मुलगी. हे ती भांडून सांगत नाही, एका विभक्तीच्या प्रत्ययाने सांगून जाते. मला वाटतं पूर्ण कवितेतली सगळ्यात धीट जागा ही आहे आणि गाईडबुकात हिच्यावर अक्षरही नसतं.

आता "नांदते". माझ्या मते तुझी आई इथेच उठली असणार, कारण मी हे वर्गात वाचते तेव्हा पोरी "कशासाठी"ला मान वर करतात, पण बायकांच्या मंडळात वाचलं, साठीच्या आसपासच्या बायका असल्या, तर "नांदते"ला शांतता होते. त्या जागी "राहते" बसलं असतं, अक्षरंही तीनच. पण राहणं वेगळं, नांदणं वेगळं. लग्नात म्हणतात नांदा सौख्यभरे. लक्ष्मी नांदते, सुख नांदतं. आणि त्याच शब्दाची दुसरी बाजू, लेक नांदायला गेली, नांदवत नाहीत, नांदली नाही म्हणून परत आणून सोडली. बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट दोन्ही ह्या एका क्रियापदात बसतं. "सांगते"शी त्याचा अनुस्वारही जुळतो, सां आणि नां, कानाला ती जोडी एकदम पक्की लागते. बहिणाबाईंनी नांदण्यात सुख होतं की नव्हतं हे सांगितलेलं नाही. तू पण पेपरात ते ठरवून टाकू नकोस.

योग्याबद्दल थोडं. ध्यान हा योग्याचा धंदा, आणि ही त्यालाच म्हणते दे रे ध्यान. रे म्हणते, अरेतुरे करते. ह्याने घर सोडलंय, त्याला ना माहेर ना सासर, त्याला हे कुठून कळणार, म्हणून ती समजावून सांगते. शेवटच्या कडव्यात तर ती त्याच्याच मैदानात उतरते. देव सगळीकडे भरून वर उरला, दशांगुळे उरला, हे साधू-संतांचं बोलणं. ती म्हणते बरं, उरला ना, तो उरलेला माझ्या माहेरात मावला. भरीसन म्हणजे भरून, उरीसन म्हणजे उरून. हे कडवं बरेच जण भक्तीचं म्हणून बाजूला काढतात, मला ते तिच्या युक्तिवादाचं शेवटचं पाऊल वाटतं, पण ह्यावर जास्त जागा घालवू नकोस.

चरित्र किती घ्यायचं हा प्रश्न येणारच. थोडंच घे, पण दोन गोष्टी सोडू नकोस. एक म्हणजे आसोदे जळगावला खेटून आहे, सायकलवर जाऊन यावं इतकं. माहेर एवढं जवळ आणि त्याची एवढी ओढ. म्हणजे लांबी कोसात मोजायची नाहीये, मूळ म्हणजे माहेरचं बोलावणं आल्याशिवाय, कुणी मुराळी म्हणजे माहेरचा माणूस घ्यायला आल्याशिवाय जायचं नाही ह्या रीतीत मोजायची. दुसरी म्हणजे ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी. बाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक 1952 ला आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्या गात होत्या तेव्हा मुलगा कवी सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ह्यांनी काही उतरवून घेतलं होतं, म्हणून राहिलं. लेकीसाठी गायलेलं गाणं लेकाने जपलं. आठवणीवर लिहिताना हे आलंच पाहिजे, कारण जे उतरवलं गेलं नाही ते किती असेल, आणि प्रत्येक गावात अशा किती बाया असतील ज्यांचा लेक कवी नव्हता. मला ह्याचं अजूनही वाईट वाटतं.

तुलना करायची असेल तर कवी यशवंतांची "स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी" घे. ती ओळ कुणाला पाठ नाही? पण तिथे आई हाकेच्या पलीकडे आहे, बोलतोय तो तिच्याविना राहिलेला मुलगा. आपल्याकडच्या आईवरच्या बहुतेक गाजलेल्या कविता अशाच, आईला बाहेरून बघणाऱ्या. इथे आई स्वतः बोलते आणि तिला स्वतःची आई आठवतेय. सरांची थोरवी त्या पहिल्या प्रकारात शोभते. ह्या कवितेला ती लावलीस की बाई मुकी होते.

आता बदलत्या रीती. इथे सगळे एकच चूक करतात, शेवटी एक परिच्छेद, "आजच्या धावपळीच्या युगात माहेरपण हरवत चालले आहे". ते लिहू नकोस प्लीज. रीत बदलली म्हणजे कवितेतल्या शब्दांचे अर्थ हलले, ते कुठे हलले तेवढं दाखव. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस असतो. अजूनही असतो. पण आता लेक स्वतःची गाडी चालवत येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर हजर असते, मुराळी हा शब्द माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी दोन पोरींना माहीत असतो. माहेराकडे ओढणारं जे अंतर होतं तेच गेलं. तेव्हा विचार, अंतर नसलं तर गाणं येईल का? मला वाटतं येईल, पण दुसऱ्या कशाचं तरी येईल.

एक गोष्ट माझ्या घरातली सांगते, पेपरात घालू नकोस पण डोक्यात ठेव. आजोबा गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं आणि मावश्यांचं नाव लागलं. मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केंद्राने 2005 ला केली, महाराष्ट्राने त्याआधीच 1994 ला केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. तर कागद आईच्या बाजूने होता. आणि मामांनी एक दिवस सगळ्यांना हक्कसोडाला, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद करून द्यायला बोलावलं. मी सोबत होते. आईचा अंगठा मशीन घेत नव्हतं, आयुष्यभर भांडी आणि कापसाच्या वेचणीने रेषा झिजलेल्या, ती पदराला अंगठा पुसायची आणि परत ठेवायची, तीनदा, चौथ्यांदा घेतला. बाहेर आल्यावर मामींनी साडी दिली, हळदकुंकू लावलं. रिक्षात मी चिडून काहीतरी बोलले तर आई म्हणाली, "अगं, दिवाळीले जायले एक दार पाहिजे ना."

त्या दिवसापर्यंत मी "लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते" हे फक्त सुंदर म्हणून शिकवत होते. त्यानंतर मला त्यातली किंमत दिसायला लागली. माहेर आपोआप नसतं, प्रत्येक पिढीत कुठलीतरी बाई ते मोजून विकत घेते, कुणी नांदून, कुणी सही करून. मामांना मी वाईट म्हणत नाही, घरोघरी हेच होतं. पण रीत बदलली, कायदा बदलला, तरी मोजणारे हात तेच, हे मला कवितेने आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

उलट बाजूही बघ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत होती. माझी मोठी बहीण परवा लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला तीन महिने राहून आली. बॅगेत डिंकाचे लाडू, शेपा, बाळंतकाढ्याच्या बाटल्या, जुन्या सुती लुगड्याची दुपटी, आणि आमच्या आईचा तो तेल गरम करायचा छोटा पितळी लोटा. भाड्याचा फ्लॅट, अकरावा मजला, जावई सकाळी कुकर लावणारा. ते घर लेकीचं सासर नाही, माहेर तर नाहीच. पण लोटा गॅसवर ठेवला आणि तेल कोमट झालं की ते तीन महिने तिथे माहेर होतं, असं बहीणच म्हणाली. म्हणजे पूर्वी लेक माहेरी जायची, आता माय माहेर घेऊन लेकीकडे जाते. बहिणाबाईंच्या ओळीतली "माय" आणि "लेकीच्या माहेरासाठी" दोन्ही जागच्या जागी आहेत, "सासरी" हा एकच शब्द सुटलाय. बदलती कुटुंबरीत म्हणजे नेमकं काय बदललं हे असं एका शब्दावर बोट ठेवून दाखवता येतं, आणि तू तुझ्या घरातून असंच एक उदाहरण शोध, माझं नको वापरू.

तुझी जी मूळ शंका आहे, की ही कविता पुढच्या पोरींना नांदत राहा असंच शिकवते का, ती खोडून काढू नकोस, पेपरात ठेव. शंका खरी आहे. ज्या मुलीने घटस्फोट घेतलाय ती ही ओळ वाचते तेव्हा तिला काय वाटतं हे मला एका विद्यार्थिनीने वर्गानंतर थांबून सांगितलं होतं, तिच्या लेकीला माहेर कुठलं मग? मी तेव्हा गप्प बसले. आता मी म्हणेन की कवितेत माहेर म्हणजे घर की ते उभं करणारी माय, हे तपासून बघ. तिसऱ्या कडव्यात करणारी, कर्ता, माय आहे. सासरी हे फक्त कुठे ते सांगतं. ती जागा तिच्या काळाची होती. हा माझा अर्थ, तुला पटला नाही तर पटला नाही असं कारणासकट लिही, कवितेला चालतं ते.

शेवटचं, बोलीचं. ही लेवा गणबोली आहे, ळ चा य होतो म्हणून डोहाळे चं डोहाये, ला च्या जागी ले म्हणून सासराले. उद्धृत करताना "सासराला", "डोहाळे" असं शुद्ध करून टाकू नकोस, टाईप करताना ऑटोकरेक्ट करेल, परत बघून घे. आणि तोंडी सादरीकरण असेल तर कडवी दोनदा म्हण, पहिल्यांदा वाचून आणि दुसऱ्यांदा दळताना जशी गातात तशी, लाजू नकोस, चाल येत नसेल तर तुझ्या आईला विचार. दूध उतू गेलं नसेल तर सांगेल ती.